बाथरूममधली डोणी

पुणतांब्याला आमच्या गोठ्यात एक दगडी डोणी होती. जनावरांना पाणी पाजायची, एका बैलापुरती. कुणा जुन्या कारागिराने हौसेने काठाला वेल कोरलेली, वेलीवर दोन पोपट. बैलांच्या माना घासून एकाची चोच कधीच गेली होती. दुपारी तिच्यात हात बुडवून बसले की आभाळ हाताशी यायचं. मला तिथून उठवायला आईला दोनदा ओरडावं लागे.

आई गेली, बैलजोडी विकली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, राहुरीला माझ्याकडे आले. आले कसले, मीच आणले. जेवायचे, खिडकीशी बसायचे. बोललेच तर एवढंच, "मी आपला गावाकडं जातो." तिथे एकटे कसे राहणार? मला फार भीती वाटायची.

त्यांचा जीव इथे रमावा म्हणून गोठ्यातली डोणी आणायचं ठरवलं. खरं सांगायचं तर बाथरूम सजवायची माझीही हौस होतीच. चौघांनी ती टेम्पोत चढवली. गवंड्याने विटांच्या ओट्यावर बसवली, वर पितळी नळ, मागे शहाबादी फरशी. शेजारणी येऊन बघून गेल्या. मी अगदी हवेत.

अण्णांनी आत डोकावलं, बोटाने तळ चाचपला.

"डोनीला भोक पाडलंस व्हय?"

"आता बेसिन आहे ना ते, अण्णा. पाणी जायला नको?"

"डोनीत पानी ऱ्हायला पायजे, पोरी."

त्या दिवसापासून ते हातसुद्धा अंगणातल्या नळाखाली धुवायला लागले. माझा ताठा उतरला. रडूच आलं.

मग एका सकाळी अर्धवट झोपेत बाथरूममध्ये गेले, तर डोणी काठोकाठ भरलेली. भोकात फडक्याचा बोळा कोंबलेला. छतावर पाण्याचा कवडसा संथ हलत होता आणि अण्णा भिंतीशी उभे होते. मी अजून स्वप्नातच आहे असं वाटलं. मी डोणीवर वाकले आणि ओंजळ तोंडाला लावली.

मागून शीळ आली. बारीक, लांबलचक, एकसुरी. बैल पाण्याला लागला की अण्णा अशीच शीळ घालायचे. शीळ चालू असली की जनावर निवांत पितं, पोटभर पितं.

मला तहान नव्हती. तरी मी दुसरी ओंजळ भरली, मग तिसरी. मान वर केली असती तर ते थांबले असते.