माझी आई एकदा फाइन डायनिंगला गेली होती

फाइन डायनिंग आणि साधं जेवण यात नेमका फरक काय?

मला सांगता येत नाही. ज्यांना कळतं त्यांनी सांगावं.

मी अशा ठिकाणी एकदाच गेले. आईला घेऊन. ती वारली, त्याला आज वर्ष झालं.

बी.ए.चा निकाल लागला. घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून पार्टी माझ्याकडून. संग्रामपूरहून एसटीने बुलढाण्याला गेलो. कापडी नॅपकिन, मंद लाइट, एकेक पदार्थ सावकाश येणारा.

आईने भराभर संपवलं. तिला तशीच सवय. घरी आधी बाबा, काका, पाहुणे, मग आम्ही पोरं. शेवटी ती आणि काकू, गॅसच्या ओट्यापाशी, उरलेलं. तेही कोणी हाक मारायच्या आत.

जेवून ती उठली आणि टेबलावरच्या प्लेटा गोळा करायला लागली.

वेटर धावत आला. "मावशी, तुम्ही बसा. ते माझं काम आहे."

आई बसली. मग हळूच मला म्हणाली, "आता काय करू वं?"

"काही नाही. बस."

"नुसतीच?"

तेव्हाचा फोटो मी इथे टाकला होता. एका दादाने खाली कमेंटमध्ये लिहिलं, घरी जेवाले भेटत नव्हतं काय?

भेटत होतं, दादा. सगळ्यांचं झाल्यावर.

आणि राग याचाच आहे. आईला तिथे जे मिळालं, ते आमच्या ओसरीवरही मिळू शकलं असतं. कोणीतरी गरम वाढायचं, आणि तिला उठू द्यायचं नाही. एवढंच.

बायांनी शेवटी जेवायचं, याला रीत म्हणतात, असं मला आता कोणी समजावू नका.

आज वर्षश्राद्ध होतं. स्वयंपाक झाला आणि मी बायांची पानं आधी मांडली.

काका म्हणाले, "माणसं थांबतीन अन् बाया पहिले जेवतीन? लोकं हासतीन ना आपल्याले."

"हासू द्या काका. तुम्ही वाढा."

बाबांनी वरणाची बादली उचलली.

काकू बसेचना. पाहुणे राह्यले म्हणे. हात धरून बसवलं.

आई, नीट निरोप द्यायला मला वर्ष लागलं.

आज तुझ्या नावाने पहिली पंगत बायांची बसली. वरण गरम होतं.

उष्ट्या पत्रावळी माणसांनी उचलल्या.