बारा पगड्या आणि सहा डोकी

बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानात सहा डोकी होती आणि सहाही लाकडी होती. (सातवं माझं, असं आई म्हणायची.) खळ लावलेलं ओलं कापड त्यांच्यावर बांधायचं, दिवसभर उन्हात वाळू द्यायचं, की पगडी तयार. म्हणजे दिवसाला पगड्या सहा. सातवी मागायला खुद्द पेशवे आले असते, तरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना "उद्या या" म्हणून सांगितलं असतं.

एकदा आबा चार दिवस जेजुरीला गेले आणि दुकान पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. "नीट सांभाळलंस तर दुकान तुझं. नाहीतर जन्मभर खळ शिजव," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच लोणी काळभोरचे एक पाटील आले.

"पोराचं लगीन हाय. बारा पगड्या पायजेत, उद्या सकाळच्याला."

"मिळतील," मी म्हणालो. मालक होऊन दोनच दिवस झाले होते, नाही कसं म्हणणार?

पाटील गेल्यावर मी डोकी मोजली. पुन्हा मोजली. सहाच भरली. तेवढ्यात पाहुणचाराला आलेले दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तोंड पुसत बाहेर आले. त्यांचं डोकं मला त्या दिवशी प्रथमच नीट दिसलं.

"दाजी, जरा उन्हात बसता का?"

"कशाला?"

"वाळायला."

दाजी, दोन काका, शेजारचे दोघे आणि मी असे सहा जण अंगणात ओळीने बसलो. पाचांच्या पगड्या मी बांधल्या. माझी मात्र आईने बांधली, बरीच आवळून. अट एकच, मान हलवायची नाही.

लाकडी डोक्यांना भूक लागत नाही, हे मला दुपारी कळलं. आई एकेकाला घास भरवत फिरली. थोरल्या काकांना शिंक आली, ती त्यांनी डोळे मिटून गिळली. (पगडी वाचली. काका संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत!) "लग्नानंतर पहिल्यांदाच एका जागी बसलात," ताई दाजींना म्हणाली, आणि दाजींना साधी मानही फिरवता येईना.

नेमके आबा एक दिवस आधी परतले. दारातून त्यांना दिसले ओळीने बसलेले सहा गप्प पुरुष. हातातली भंडाऱ्याची पुडी खाली पडली.

"कोण गेलं?"

कोणीच मान हलवेना.

"अरे, सांगा तरी!"

"कुणी नाही, आबा," मी म्हणालो. "वाळतोय."

आबांनी पुडी उचलली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आधी डोकी मोजायची, मग हो म्हणायचं. तू उलटं केलंस." मग त्यांनी दाजींची पगडी चाचपली. "वाळल्यात मात्र बऱ्या." मला एकदम हलकं वाटलं.

सकाळी वऱ्हाड दारात आलं. कुणाची पगडी डोळ्यांवर उतरली, कुणाची टाळूवरच राहिली. आबांनी शांतपणे सगळ्यांच्या अदलाबदल्या केल्या. दाजींच्या डोक्यावरची नवरदेवाला अशी बसली, की पाटील म्हणाले, "ह्याच मापाच्या आणिक दोन बांधा." (दाजी लगेच गावी निघाले.) अकरा पगड्या खपल्या आणि आबांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

बारावी माझ्या डोक्यावर वाळलेली होती. ती एकाही वऱ्हाड्याला होईना. शेवटी नवरदेवाच्या पाच वर्षांच्या भाच्याला घालून पाहिली.

त्यालाही जरा घट्टच झाली.