खळ्याची म्हण आणि पुराणिकबुवा

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळी मी लग्न होऊन कौंडण्यपूरजवळच्या एका गावी आले. सासरी फुलांचा आणि भाजीचा मळा होता. चातुर्मासात अमरावतीचे एक पुराणिकबुवा देवळात पोथी सांगायला येऊन राहत. पोथीला हार आमच्या मळ्यातला, म्हणून सासूबाई अगदी पुढे बसत.

एका संध्याकाळी चंद्राभोवती लांबवर उजेडाचं मोठं खळं पडलं होतं. पोथी आटोपल्यावर सासूबाईंनी विचारलं, "महाराज, खळं दूर तं पाऊस जवळ, असं आमी म्हन्तो. हे पोथीतलंच असन ना?"

बुवा विचारात पडले. "माझ्या वाचनात नाही, बाई. शोधून सांगतो."

शोधायला ते खरंच अमरावतीला गेले, आपल्या गुरूंच्या घरच्या जुन्या पोथ्या चाळून आले. परतले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. पोथी सोडण्याआधीच म्हणाले, "चंद्राच्या खळ्यावरून पाऊस ओळखावा, एवढं पुराणात आहे. जवळ-दूरचं मात्र कुठेच सापडलं नाही. ते तुमच्या वाडवडिलांनी पाहून ठेवलं असेल."

गावातले एक वडीलधारे भडकले. "पोथीत हाय म्हन्ले असते तं तुमचं काय जात होतं? आता पोरं कावून मानतीन?"

"न वाचलेलं देवाच्या नावावर कसं खपवू? आणि पोथ्या रचणाऱ्या ऋषींनीही आधी आभाळच पाहिलं असेल ना?"

ते गृहस्थ तडक उठून गेले. त्यांच्यामागे बरेच पुरुष यायचे थांबले. बुवा मात्र पुरुषांकडच्या रिकाम्या सतरंजीपुढेही तितक्याच गोडीनं पोथी सांगत. हार गुंफताना सासूबाई मला म्हणाल्या, "जो मानूस 'नाही' म्हनू शकते, त्याच्या 'हो'वर मले भरोसा वाटते."

मग बायकाच आपापल्या पावसाच्या म्हणी आणू लागल्या. अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या, धुळीत न्हाणाऱ्या चिमण्या. बुवा ऐकत, आठवत, कधी पोथीतली ओळ दाखवत, कधी हसून मान हलवत. असा विद्वान मी पुन्हा पाहिला नाही.

समाप्तीच्या दिवशी ते रागावलेले गृहस्थ आले. उत्तरेकडं वीज चमकली की पाऊस, ही म्हण पोथीत आहे का, असं त्यांनी आडून आडून विचारलं.

"ही काही मला मिळाली नाही," बुवा म्हणाले.

गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे हे बी आमचीच!" आणि चारी बाजूंना असं पाहिलं, जणू ती म्हण त्यांनी स्वतःच रचली होती.