गुनवोर आत्याच्या बाळंतिणी

गुनवोर आत्याचं पाखरांवर फार प्रेम होतं, असं हल्ली बोटीनं येणारे पाहुणे मलाच ऐकवतात. मला राग येतो. प्रेम होतंच, पण ते पिसांवरही होतं, आणि आत्यानं ते कधी लपवलं नाही. आमच्या बेटावर गवताखेरीज धड काही उगवत नाही. कॉड मासा, सील, समुद्रपाखरांची अंडी आणि आयडर बदकांची मऊ पिसं यांवरच आमच्या पिढ्या जगल्या. "मी त्यांना घर देते, त्या मला पिसं देतात. यात पुण्य कसलं आलंय डोंबलाचं?" असं आत्या म्हणायची.

आयडर हे रानटी बदक, वर्षभर समुद्रावर राहणारं. वसंतात मात्र माद्या अंडी घालायला आमच्या किनाऱ्यावर चढायच्या, बाळंतपणाला माहेरी आल्यासारख्या. घरट्यात अंथरायला त्या स्वतःच्याच छातीची पिसं उपटतात. पिल्लं पाण्यात गेली की ती पिसं आमची. त्यांच्या रजया साऱ्या नॉर्वेत जात. त्या बदल्यात आत्या त्यांच्यासाठी दगडांची आणि फळ्यांची बुटकी घरं बांधायची, आत वाळवलेलं शेवाळ झटकून, मऊ करून घालायची. घराला दार एकच. मागून डोंबकावळा शिरू नये, वरून गरुडाला दिसू नये, म्हणून ती रीत.

माद्या आल्या की बेटावर मोठ्यानं बोलायचं नाही. हातोडा मारायचा नाही, कुत्रा सोडायचा नाही, नवा रंगीत रुमाल बांधायचा नाही. हार्टविग आतोबांना तर शिंकायची चोरी होती.

"होडीघरात जाऊन शिंक," आत्या दटावायची.

"माझ्या जन्माच्या वेळी तू असतीस तर जिवंत राहिलो नसतो मी," ते पुटपुटायचे.

"तुला कोण रजईत घालणार होतं?"

मी तिच्या भावाची मुलगी. लग्नानंतरही माझी खोली तिच्याच घराला लागून होती, त्यामुळे दर वसंतात मी तिच्या हाताखाली असायची. आत्या मादीच्या पोटाखाली हात घालून अंडी चाचपायची, तरी ती उठायची नाही. नुसती मान वळवून बघायची. हे एका वर्षात होत नाही. आत्याच्या आजीपासून या बायकांनी त्या पाखरांना एकच गोष्ट शिकवली होती, की इथे घाबरायचं नाही.

पलीकडच्या किनाऱ्यावर कातड्यांसाठी मिंक पाळायचे. मुंगसाएवढा, काळा, चपळ प्राणी. शहरातल्या बायकांच्या कोटांसाठी परमुलखातून पिंजऱ्यात घालून आणलेला. काही पिंजऱ्यांतून निसटले आणि खडकाखडकांवरून पोहत सुटले. त्या वसंतात, माद्या अंड्यांवर बसलेल्या असताना, एका सकाळी आतोबांना होडीघराखाली एक दिसला.

"गुनवोर, बंदूक काढतो."

"खबरदार! बार काढलास तर सगळ्या उठतील. अंडी गार पडतील, आणि परत इथे फिरकणार नाहीत त्या."

"अगं, मिंक आहे तो!"

"असू दे. पाणमांजर येत नाही का? एक नेतं, पोट भरतं, जातं. पिल्लं पाण्यात गेली की घाल खुशाल गोळी."

आतोबांनी बंदूक परत खुंटीला अडकवली आणि मासळीचे तुकडे लावून सापळे मांडले. मिंक त्यांच्याकडे ढुंकूनही बघेना. आत्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण आमच्याकडे शिकार करणारं जे जे होतं, गरुड, कावळा, पाणमांजर, ते सगळं भुकेपुरतंच मारायचं. भूक नसताना मारणारा प्राणी आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता.

दोन-चार दिवसांनी सकाळी आम्ही कोरडं शेवाळ घेऊन निघालो. पहिल्या घरापाशी आत्या नेहमीसारखी वाकली, "काय गं, बरी आहेस ना?" म्हणाली, आणि आत हात घातला. मादीची मान तिच्या मनगटावर लुळी पडली. मानेमागे चावा होता. अंडी खाली तशीच.

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यातही तेच. आम्ही धावायला लागलो. भिंतीलगतच्या, होडीघराजवळच्या, टेकाडावरच्या, सगळ्या मेलेल्या. खाल्लेली एखादीच. कुठेही पिसं विखुरलेली नव्हती, म्हणजे एकीनंही पळायची धडपड केली नव्हती. त्यांना तशी सवयच उरली नव्हती. आणि पळायचं म्हटलं तरी एकुलत्या एका दारात तो उभा.

आत्या ओरडली नाही. एकेक मादी ॲप्रनमध्ये घेऊन ती बाहेर आणत होती आणि पुटपुटत होती, "मीच बांधलं. दार एकच ठेवलं. मीच."

आतोबांनी 'मी सांगत होतो' असं एकदाही म्हटलं नाही. त्या माणसाबद्दल मला तेवढ्यासाठी कायमचा आदर आहे. दुपारी त्यांनी बंदूक घेतली आणि खडकांत एक मिंक टिपला. बार सगळ्या बेटावर घुमला. दचकायला कुणी उरलं नव्हतं.

मारला तेवढ्यानं भागलं नाही. हिवाळ्यात बर्फावर नव्या पावलांच्या खुणा दिसत राहिल्या.

पुढच्या वसंतात, आदल्या वर्षी अंडी घालायला न आल्यानं वाचलेल्या थोड्या माद्या किनाऱ्याला लागल्या. मला भरून आलं. म्हटलं, "आत्या, घरं पुन्हा लावूया. जाळी ठोकू."

"मिंक जाळीला विचारून आत येतो होय?" आतोबा म्हणाले.

स्वयंपाकघरातून पितळी घंगाळ आणि पळी घेऊन आत्या किनाऱ्यावर गेली आणि जीव खाऊन बडवायला लागली. बाहेर समुद्रातल्या उघड्या खडकांवर मिंक अजून पोचला नव्हता. माद्यांनी तिकडे जावं एवढंच तिला हवं होतं. तोंडानंही ती ओरडत होती, "चला! निघा! मेल्यांनो, निघा!" तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. माद्या फडफडत उठल्या आणि पाण्यावरून दूर गेल्या.

एक गेली नाही. म्हातारी मादी होती, तिच्या चोचीजवळचा पांढरा डाग मी ओळखला. त्या सगळ्या गोंगाटातून ती डुलत डुलत सरळ आत्याकडेच आली आणि तिच्या पायांपाशी थांबली. आत्याची पळी थांबली. मला वाटलं, आता तिला उचलून घेते.

आत्यानं वाकून दगड उचलला. पहिला बाजूला पडला. मादी जराशी सरकली आणि मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. दुसरा पंखाला लागला. तशी ती खरडत पाण्यात उतरली, एक पंख ओढत.

"पुरे, गुनवोर," आतोबा म्हणाले.

"पुरे कसं? अजून वळून बघतेय ना ती माझ्याकडे," आत्या म्हणाली, आणि तिनं तिसरा दगड उचलला.