जालना ते पुणे, वाटेत थांबत

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी मी दर पंधरा दिवसांनी पुण्याजवळच्या मांजरीहून माहेरी जालन्याला जायचे. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी दुपारी परत फिरायचं आणि सोमवारी सकाळी खराडीच्या ऑफिसात हजर व्हायचं. गाडी शिकून वर्षही झालं नव्हतं. एवढा रस्ता एकटीने चालवताना डोळे जड व्हायचे. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीने मोबाइलवरचं एक ॲप दाखवलं. आपल्या गाडीतल्या रिकाम्या जागा त्यावर टाकायच्या, त्याच वाटेने जाणारे अनोळखी लोक येऊन बसतात. गप्पांनी झोप उडेल, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दोन फेऱ्यांत इअरफोन लावून घोरणारे विद्यार्थी मिळाले. तिसऱ्या वेळी एका मुलीच्या नावाने जागा बुक झाली, आणि प्रत्यक्षात जालन्याच्या बसस्टँडसमोर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सत्तरीचे एक काका उभे होते. बुकिंग त्यांच्या लेकीने केलं होतं. ती आयटीत, राहायला विश्रांतवाडीला. तिच्या तान्ह्या मुलीला सांभाळायला काकू तिकडेच असत. काकांना फ्लॅटमध्ये करमत नसे, म्हणून ते जालन्यात राहून नातीला भेटायला जाऊन-येऊन असत.

ते माझ्या मागेच बसले. औरंगाबाद सुटल्यावर माझ्या सीटखाली कोणीतरी पाय रोवतंय असं जाणवायला लागलं. पुढचा ट्रक हळू झाला की पाय रोवला जाई, वळण आलं की पुन्हा. थोडा वेळ सोसलं, मग मी म्हणाले, "काका, ब्रेक इकडे पुढे आहे."

"म्हणून तर काळजी वाटते," ते म्हणाले.

मग कळलं की आयुष्यभर एसटी चालवून ते निवृत्त झाले होते.

पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा माझीच गाडी धरली. मी त्यांना मुकाट्याने पुढे बसवलं. त्या दिवशी आणखी कोणी नव्हतं. घरी वडिलांची कूस बदलायला आई आणि मी आळीपाळीने जागलो होतो. नेवासा फाटा मागे पडला, ऊन काचेतून मांडीवर येत होतं, काकाही गप्प होते. पुढचं मला आठवत नाही. आठवतो तो त्यांचा आवाज, अगदी हळू, शेजारच्याला वेळ विचारावी तसा: "ताई, ब्रेक दाबा. सावकाश."

डोळे उघडले तर समोर उसाची ट्रॉली होती आणि त्यांचा एक हात स्टेअरिंगवर होता. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचं पाचट बॉनेटला लागायचं बाकी होतं.

गाडी बाजूला घेतली. ओरडला का नाहीत, असं मी विचारलं. ओरडलो असतो तर दचकून तुम्ही चाक फिरवलं असतं, ते म्हणाले. आता तुम्हीच चालवा, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. एका डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि लायसन्स संपलेलं होतं. त्यांनी मला सीट मागे करून झोपायला लावलं आणि स्वतः बाहेर लिंबाखाली उभे राहिले. मी उठल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी काकूंनाही कधी सांगितली नव्हती. नोकरीत असताना झोप आली की ते बस थांबवत, टायर बघायचे आहेत असं सांगून खाली उतरत आणि गाडीभोवती चार फेऱ्या मारत.

"झोप आली हे सांगायची लाज वाटते माणसाला," ते म्हणाले. "त्या लाजेपायी लोक जातात."

मग मीही सांगितलं. आई थकली होती. पुण्यात उपचार चांगले झाले असते, पण वडील यायला तयार नव्हते. त्यांची वाचा गेली होती. पुण्याचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. गाव सोडवत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"त्यांना विचारलंत, का तुम्हीच ठरवलंत?" काकांनी विचारलं.

माझ्या पुढच्या खेपेच्या शनिवारी ते पत्ता शोधत आमच्या घरी आले. वडिलांच्या खाटेशेजारी खुर्ची घेऊन घाटातल्या बंद पडलेल्या बसच्या गोष्टी सांगत बसले. मग आईला आणि मला चहा करायला पाठवलं. बाहेर येऊन मला म्हणाले, गावाचा प्रश्न नाही. सहा तासांच्या रस्त्यात लघवीला लागली तर लेकीला कसं सांगायचं, हा प्रश्न आहे. त्यांनी एकेक कारण विचारत नेलं होतं आणि या प्रश्नाला वडिलांनी डोळे मिटून होकाराची मान डोलावली होती.

मला रडू आलं. तीन महिने मी त्यांना फिजिओथेरपीचे व्हिडिओ दाखवत होते.

दोन आठवड्यांनी आम्ही निघालो. वडील पुढे, आई आणि काका मागे. कुठे सपाट जागा आहे, कुठे आडोसा आहे, कुठल्या पंपावर नळाला पाणी असतं, हे सगळं काकांना पाठ होतं. प्रत्येक वेळी तेच म्हणत, "ताई, घ्या बाजूला, मला उतरायचंय." वडिलांना ते स्वतः धरून नेत. शिरूरला आईने डबा उघडला आणि वडिलांनी डाव्या हाताने, सांडत का होईना, पण स्वतः दहीभात खाल्ला. त्या दिवशी आम्हाला नऊ तास लागले.

वडील आता मांजरीच्या सोसायटीत काठीने फिरतात. फिजिओथेरपीच्या बाईंशी त्यांचं रोज वाजतं. शब्द अर्धेच येतात, पण भांडण पूर्ण होतं. काकाही शेवटी विश्रांतवाडीला राहायला आले. नात आता शाळेत जायला लागली आहे, तिच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला ते रोज काहीतरी सुनावतात, असं त्यांची लेक सांगते. जालन्याच्या घराकडे बघायला मी अजून जाते, आणि गाडीतल्या मागच्या तीन जागा ॲपवर टाकते. पुढची काकांची.