मधुमतीचे ‘चालेल’

२८ ऑक्टोबर २००५, शुक्रवार. त्या दिवशी गिरीश खांबेटे यांच्या बँकखात्यात अठरा हजार सहाशे बारा पौंड जमा झाले. कॉव्हेंट्रीतल्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या ज्या कारखान्यात कामगारांचे पगार काढण्यात त्यांची तीस वर्षे गेली, तो कारखाना कायमचा बंद झाला होता. ही त्याची भरपाई. वय अठ्ठावन्न. या वयात आता आपल्याला कोणी दारात उभे करणार नाही, हे त्यांनी स्वतःशी केव्हाच कबूल करून टाकले होते.

संध्याकाळी चहा घेताना ते बायकोला म्हणाले, “मधू, फेब्रुवारीत कॅनडाला जाऊ या. अगदी वरती. बर्फात.”

मधुमती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

“फेब्रुवारीत स्वातीताईकडे नातवाची मुंज आहे ना? मी येते म्हणून सांगून बसलेय.”

“नागपूरला पुढच्या वर्षी जाऊ. नागपूर कुठे पळून जातंय? माझे गुडघे आज आहेत, उद्या असतील का?”

मधुमतीने आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाली, “तुम्हाला एवढं हवंच असेल तर चालेल.”

खांबेट्यांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला.

या एका शब्दावर त्यांचा संसार उभा होता. लग्न होऊन ती इंग्लंडला आली, तेव्हा एका खोलीत स्टोव्हवर स्वयंपाक करायचा होता, चालेल म्हणाली. चढावरचे हे घर घेतले, त्याचा जिना उभा आणि अरुंद, चालेल. कोणाकडून तरी आणलेला तपकिरी सोफा तिला मुळीच आवडला नव्हता, तोही चालेल म्हणत तिने पंचवीस वर्षे झटकला. खांबेटे हिशेबाचे पक्के. जमा आणि खर्च यांची कधी गल्लत केली नाही. पण ‘चालेल’ मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘हो’ याच बाजूला मांडले.

मधुमतीची चैन एकच, पायी फिरणे. शाळेच्या किचनमध्ये मुलांना दुपारचे जेवण वाढून झाले की ती बसने येत नसे. पार्काला मोठा वळसा घालून, दुकाने बघत, ओळखीच्या बाईशी कुंपणापाशी दोन शब्द बोलून घरी यायची. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. कोणी लिफ्ट देऊ केली तर म्हणायची, “नको हो, माझी अकरा नंबरची बस आहे,” आणि आपल्या दोन पायांकडे बोट दाखवायची. चार वर्षांपासून तिला थोडी शुगर होती. ‘थोडी शुगर’ म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोळी आणि चहात अर्धा चमचा. त्याला त्यांच्या घरात कोणी आजार म्हणत नसे. अलीकडे रात्री पावलांना मुंग्या यायच्या, कधी तळवे बधिर व्हायचे. ती खोबरेल चोळायची आणि झोपायची.

खांबेट्यांचे वेड मात्र जुने होते. नागपूरच्या उन्हाळ्यात, दाराला वाळ्याच्या ताट्या लावून घरातले सगळे आडवे झालेले असताना, हा मुलगा शाळेचा नकाशा उघडून बसायचा. कॅनडाच्या माथ्यावर, जिथे गावांची नावे संपतात आणि नुसती सरोवरे उरतात, तिथे बोट ठेवून तो डोळे मिटायचा. सत्तर साली बी.कॉम. झाले आणि पुढे तीन वर्षांनी विलायतेला आले, ते बर्फ मिळेल या आशेने. मिळाली कॉव्हेंट्रीची भुरभुर, जी दुपारपर्यंत काळा चिखल होऊन गटारात जायची. मग लायब्ररीतून पुस्तके आणायची, बर्फावरच्या स्लेजगाडीला कुत्रे कसे जुंपतात ते वाचायचे आणि महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाबरोबर ते सगळ्यांना ऐकवायचे, असे चालले होते. शशी पाध्ये, त्यांचे कारखान्यातले मित्र, त्यांना ‘ध्रुवबाळ’ म्हणत.

“काय ध्रुवबाळ,” बातमी कळल्यावर शशी म्हणाले, “शेवटी अढळपद मिळवायला निघालात! आणि वहिनींना कशाला गोठवताय? त्यांना फ्रीजमधलं दही काढायचं म्हटलं तरी हुडहुडी भरते.”

“तिची हरकत नाही,” खांबेटे म्हणाले. “विचारलंय मी.”

कस्तुरी, त्यांची मुलगी, रीडिंग शहरात एका फायनान्स कंपनीत होती. तिने फोनवर विचारले, “आई, तुला रिअली जायचंय? मायनस थर्टी असतो तिकडे.”

“चालेल गं. बाबांची एवढी इच्छा आहे.”

“ओके. पण तुझा फीट नीट ठेव हां.”

फेब्रुवारीत दोघे कॅनडाच्या उत्तरेतल्या येलोनाइफला उतरले. विमानाच्या दारात पहिला श्वास घेतला आणि खांबेट्यांच्या नाकातले केस काड्यांसारखे कडक झाले. ते लहान मुलासारखे हसले. पायाखालचा बर्फ चिखल होत नव्हता, तो कुरकुरत होता. आकाश इतके निळे आणि कोरडे, की आवाज दिला तर तडा जाईल असे वाटावे.

तिथे कपडे आणि बूट भाड्याने मिळत. दुकानातली बाई मोठी हसतमुख होती. तिने मधुमतीसाठी जाडजूड बूट काढले. थंडीच्या धास्तीने मधुमतीने आधीच दोन जोड मोजे चढवले होते, त्यामुळे बूट ओढून घालावे लागले.

“घट्ट होतायत का?” खांबेट्यांनी विचारले. “याहून मोठा जोड परवापर्यंत नाही म्हणते ही.”

मधुमतीने उभे राहून दोन पावले टाकली. मागे आणखी चार माणसे खोळंबली होती. “चालेल,” ती म्हणाली.

“शी इज फाइन,” खांबेट्यांनी बाईला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवराच्या काठावर त्यांचा वाटाड्या, डेल नावाचा दाढीवाला माणूस, कुत्री जुंपत होता. पट्टे चढेपर्यंत कुत्र्यांनी आकाश डोक्यावर घेतले होते. मधुमती आत केबिनमध्ये कपड्यांवर कपडे चढवत होती. डेलने खांबेट्यांना बाजूला घेतले आणि विचारले, कोणाला हृदयाचा त्रास, डायबिटीस, असे काही? खांबेटे म्हणाले, नाही. खोटे बोलावे असे त्यांच्या मनातही नव्हते. डायबिटीस म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. शशीच्या भावाला होता, तो इन्शुलिन टोचून घ्यायचा. मधूला थोडी शुगर होती.

मग डेल म्हणाला, बोटे दुखतात तोवर काळजी नाही, ती जिवंत आहेत. दुखायची थांबली, की त्याच क्षणी मला सांगा. त्याच क्षणी. मी लगेच थांबेन, शेकोटी करेन.

मधुमती बाहेर आली. “काय म्हणत होता हो तो?”

“काही नाही. थंडी वाजली तर सांगा म्हणतो.”

“हे काय सांगायला हवं?” ती म्हणाली आणि स्लेजमध्ये बसली. डेलने तिला गळ्यापर्यंत गुंडाळून टाकले. मागच्या पट्ट्यांवर तो आणि खांबेटे उभे राहिले.

स्लेज सुटली आणि सगळी कुत्री एकदम गप्प झाली. उरला फक्त त्यांच्या पायांचा आवाज आणि खालून कधीतरी येणारा, बर्फाला भेग जाताना होणारा घुमारा. चहूकडे पांढरे. दूरवर काठाची एक बारीक काळी रेघ. उणे चौतीस. खांबेट्यांच्या पापण्या चिकटत होत्या, चष्म्यावर हिम धरले होते, आणि नागपूरच्या त्या दुपारी नकाशावर ठेवलेले बोट आता इथे, हातमोज्यात, स्लेजचा दांडा धरून होते. इतके सुख त्यांना झेपेना. रडू आले तर अश्रू गोठतील, या विचाराने त्यांना पुन्हा हसू आले.

वारा सुटला. डेल ओरडला, “हाउ आर हर फीट?”

खांबेटे वाकून म्हणाले, “मधू! पाय कसे आहेत गं?”

मफलरच्या आतून आवाज आला, “मघाशी फार दुखत होते. आता नाही दुखत. चालेल.”

खांबेट्यांनी मान वर केली. “फाइन!” ते वाऱ्यावर ओरडले. “ऑल फाइन!”

पलीकडच्या काठावरची केबिन यायला बराच वेळ लागला. आत शेगडी पेटवल्यावर डेलने मधुमतीचा डावा बूट काढला, दोन्ही मोजे काढले, आणि पावलाला हात लावला. बोटे मेणाच्या रंगाची होती. त्याने नखाने टोकरून विचारले, लागतेय का?

“काय करतोय तो?” मधुमतीने विचारले. ती त्याच्या हाताकडे पाहत होती, आणि तो हात दुसऱ्याच कुणाच्या पायावर असावा, असे तिचे पाहणे होते.

डेलने खांबेट्यांकडे पाहिले. “यू सेड फाइन.”

येलोनाइफच्या हॉस्पिटलात रक्त तपासल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खांबेट्यांना खुर्चीवर बसवले. हा डायबिटीस आहे, त्या म्हणाल्या, आणि तो चांगला मुरलेला आहे. यांच्या पावलांतली जाणीव आधीच कमी झाली होती. त्यात घट्ट बूट. त्यांना कळले नसेल, पण तुम्ही विचारले नाही का?

“विचारलं होतं,” खांबेटे म्हणाले.

घरी परतल्यावर वाट पाहणे सुरू झाले. जिवंत किती आणि मेलेले किती, त्याची रेघ पावलावर आपोआप उमटते, ती उमटेपर्यंत कापता येत नाही, असे कॉव्हेंट्रीच्या डॉक्टरांनी सांगितले. बोटे काळी पडून सुकली. एप्रिलमध्ये तीन बोटे काढली. जखम भरेना. नर्स एक दिवसाआड यायची, पट्टी सोडायची, वास घ्यायची आणि खांबेट्यांशी हवापाण्याचे बोलायची. ऑगस्टमध्ये अर्धे पाऊल काढले. दर वेळी आता हे शेवटचे, असे कोणी ना कोणी म्हणायचे. पुढच्या वर्षी, २००७च्या मार्चमध्ये, गुडघ्याखालून पाय गेला.

भूल उतरल्यावर मधुमतीने पांघरुणाकडे पाहिले. “अकरातला एक गेला हो,” ती म्हणाली. तिने हसण्याचा प्रयत्न केला. ते खांबेट्यांना पाहवले नाही.

त्या रविवारी कस्तुरी आली होती. आई झोपल्यावर कॉरिडॉरमध्ये ती वडिलांवर तुटून पडली. तिचे मराठी रागात आणखी मोडायचे.

“तिने ‘दुखत नाही’ बोलली ना तुम्हाला? मग?”

“चालेल म्हणाली गं ती. मी विचारलं होतं.”

“बाबा, चालेल इज नॉट येस! मला लहानपणापासून माहिती आहे. आईचा चालेल म्हणजे, मी सहन करेल. तुम्हाला एवढी मराठी येते, तुम्हाला हे नाही येत?”

तिचे व्याकरण सुधारायची खांबेट्यांना सवय होती. त्या दिवशी सुधारण्यासारखे त्यांना काही सापडले नाही.

कृत्रिम पाय आला, पण तो बसेना. घासून जखम व्हायची. तो कपाटात गेला. जिन्याला खुर्ची बसवण्यासाठी कौन्सिलकडे अर्ज केला, तिथे मोठी रांग आहे असे कळले. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. तपकिरी सोफा त्यासाठी टाकून द्यावा लागला. तो उचलून नेताना मधुमती म्हणाली, “मला तो कधीच आवडला नव्हता.”

“मग बोलली का नाहीस?”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. पार्ककडे जाणारा रस्ता तिथून दिसत असे.

त्यानंतर खांबेट्यांनी एक नेम धरला. प्रत्येक गोष्ट विचारायची आणि स्पष्ट उत्तर घ्यायचे. चहात साखर आणखी कमी करू? खिडकी लावू? शशी येतो म्हणतोय, येऊ दे का?

“चालेल.”

“चालेल नको, मधू. हो की नाही?”

ती विचारात पडायची. तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, जणू कोणी परक्या भाषेत विचारले असावे. तिला काय हवे आहे, हे शोधायला ती फार आत जायची आणि तिथे काहीच सापडत नसल्यासारखी परत यायची. हळूहळू तिने ‘चालेल’ म्हणणे सोडले. त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. खांबेटे विचारायचे, ती पाहायची, चहा निवायचा.

शशी आले. ‘ध्रुवबाळ’ त्यांच्या ओठापर्यंत आले असावे, पण ते नुसतेच म्हणाले, “काय गिरीश.” वहिनींसाठी आणलेली संत्री त्यांनी टेबलावर ठेवली. थोडा वेळ टीव्ही पाहिला आणि निघाले.

“दुसऱ्या पायाचं काय म्हणतात?” दारात त्यांनी हळूच विचारले.

“लक्ष ठेवा म्हणतात. मुंग्या येतात तिला त्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच,” खांबेटे म्हणाले आणि दार लावून घेतले.

लायब्ररीची पुस्तके त्यांनी परत केली. नागपूरहून जपून आणलेला शाळेचा नकाशा केव्हा टाकला, ते त्यांना आठवत नाही. त्या वर्षी डिसेंबरात कॉव्हेंट्रीत बर्फ पडला आणि चक्क दोन दिवस टिकला. खांबेट्यांनी पुढच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. मधुमती म्हणाली, “उघडाच राहू द्या.” पण ते पडदा सोडून चहा टाकायला गेले होते, आणि तिच्या हाताला पडदा लागत नव्हता.

येलोनाइफच्या दुकानातल्या बाईचे त्यांना दोनदा पत्र आले. दोन्ही पत्रे प्रेमाची होती: मिसेस खांबेटे आता कशा आहेत, घाई नाही, पण बुटांचा तो जोड हॉस्पिटलातून परत आलाच नाही, तर त्याचे तेवढे पैसे पाठवावेत. खांबेट्यांनी आयुष्यात गॅसचे बिलसुद्धा एक दिवस उशिरा भरले नव्हते.

बुटांचे पंचेचाळीस कॅनेडियन डॉलर अजून द्यायचे आहेत.