साहेब येणार म्हणून रंगवलेली घसरगुंडी

आमच्या बागेतली जुनी घसरगुंडी माझ्यामुळे गेली, हे सरकारी कागदावर फोटोसकट नोंदलेलं आहे. फोटोत माझा चेहरा दिसत नाही, एवढीच देवाची कृपा.

गोंडपिपरीच्या रस्त्याला आमचं गाव. गावाला बाग एक आणि बागेत घसरगुंडीही एकच. तिच्या मधोमध गंजून ताटलीएवढं भोक पडलेलं. मी शिवणकाम करते, त्यामुळे माझ्या सात वर्षांच्या पिंकीचे फ्रॉक तिथे फाटले की मीच शिवायची. पण एक दिवस फ्रॉकऐवजी मांडीच फाटली आणि ती शिवायला दवाखान्यात जावं लागलं. पोरीचं ते रडणं माझ्या कानातून जाईना. नवी खेळणी आणल्याशिवाय गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलं. (एरवीही मी गप्प बसत नाही, असं घरच्यांचं मत आहे.)

अर्जावर अर्ज केले. शेवटी निरोप आला, की सोमवारी साहेब पाहायला येतील आणि खेळणी खरंच मोडकी असतील तर नवी मंजूर करतील. आनंदाच्या भरात मी घरी अर्धाच निरोप सांगितला, "सोमवारी सायब बाग पाहाले येऊन राह्यले." आणि लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाउज संपवायला दोन दिवस मशीनवर बसले.

आता आमच्या घरी कोणी येणार म्हटलं, की अंगण सारवल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. साधा जावई आला तरी दारांना रंग लागतो. इथे तर साहेब!

सोमवारी बागेत पाऊल टाकलं आणि वाटलं, चुकून दुसऱ्या गावात आले. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, जमिनीवर सडा-रांगोळी, झोपाळ्याच्या साखळ्यांना तेल. आणि घसरगुंडी हिरवीगार! वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या माझ्या दिरांनी भोकावर पत्रा बसवला होता, आणि सासरे ब्रश घेऊन शेवटचा हात मारत होते.

"मामाजी, हे काय केलं?"

"सायब येणार म्हणे ना, सूनबाई. मोडकं दाखवाचं काय त्याईले? गावाची इज्जत हाय का नाई?"

"मोडकंच तं दाखवाचं होतं!"

"मंग तसं सांगाचं ना, वहिनी," दीर म्हणाले. "दोन दिवस कंबर मोडली आमची."

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी फेरी मारली, रांगोळीला वळसा घातला आणि खूश झाले.

"बाई, हे तर नव्यासारखं आहे. बाकीच्या गावांनी शिकावं तुमच्याकडून."

त्यांनी पेन काढलं. मांडीला पट्टी बांधलेली पिंकी माझा पदर ओढत म्हणाली, "आई, नवी नाई येणार काय?"

"थांबा सायब, हे सारं वरून वरून हाय. मी दाखवते," असं म्हणत मी पदर खोचला आणि शिडी चढले.

"वहिनी, रंग ओला हाय," दीर ओरडले. तोवर मी बसले होते.

ओल्या ऑइलपेंटवरून माणूस जास्त घसरतं, अशी माझी समजूत होती. नाही घसरत. चिकटतं. मी टोकाला बसले ती बसलेच.

"हालू नोको, रंग बिघडते," सासरे खालून म्हणाले.

"भाऊजी, ढकला."

"वहिनीले कसं ढकलू?" बिचारे लाजले. मग कुंपणाचा बांबू काढून आणला आणि तोंड दुसरीकडे फिरवून मागून रेटला. मी सुटले, ती थेट पत्र्यावर. दिरांचं वेल्डिंग कच्चं असतं हे गावाला माहीत आहे, पण ते कोणाच्या उपयोगी पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पत्रा खाली, माझा एक पाय भोकात, दुसरा आभाळात, आणि साडी गळ्यापर्यंत हिरवी.

साहेबांनी आधी फोटो काढला, मग हात दिला. "पटलं बाई," एवढंच म्हणाले.

पावसाळा संपला तशी नवी खेळणी आली. लाल-पिवळी घसरगुंडी, खाली मऊ वाळू. संध्याकाळी मशीन बंद करून मी तिथे उभी राहते. पिंकी धडाधड घसरते, फ्रॉक अखंड राहतो, आणि मला फार बरं वाटतं.

साहेबांनी फाटकावर एक पाटीही लावून घेतली आहे: 'खेळणी फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.' फोटोत माझा चेहरा नव्हता, त्याचा काही फायदा झाला नाही. बागेत नवीन कोणी आलं, की पिंकी त्याला पाटीपाशी नेते, मोठ्याने वाचून दाखवते आणि अभिमानाने सांगते, "हे माह्या आईसाठी लिवलं हाय."